चार दिवस पानांसाठी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "अमेरिकेवर बोला." आता अमेरिका केवढी मोठी आणि मला दिलेला वेळ वीस मिनिटांचा. शिवाय इथे पुढच्या रांगेत बसलेल्या निम्म्या मंडळींनी नायगारा माझ्या आधी पाहिलेला आहे. तेव्हा मी एकच छोटा विषय घेणार आहे. तिथल्या पानगळीच्या दिवसांत, म्हणजे ते ज्याला 'फॉल' म्हणतात त्या दिवसांत, झाडांच्या पानांचे रंग पाहायला चार दिवसांची सहल कशी आखायची.

हाच विषय का? आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांतली मुलं तिकडे आहेत. आपण आई-वडील साधारण एप्रिल-मे महिन्यात जातो. उन्हाळाभर राहतो, नातवंडांना सांभाळतो आणि गणपतीच्या आधी, नाहीतर फार तर नवरात्राच्या आधी परत येतो. म्हणजे झाडं रंगायला लागतात तेव्हा आपण विमानतळावर वजनकाट्यापुढे बॅग उघडून, काय काढायचं आणि काय ठेवायचं या विवंचनेत असतो. माझ्या दोन फेऱ्या अशाच गेल्या. तिसऱ्या वेळी आम्ही दोघांनी ठरवलं की यंदा पानं पाहूनच यायचं.

आधी ही पानं रंगतात कशी, ते थोडक्यात सांगतो. आपल्या फाटकाजवळचं देशी बदामाचं झाड सगळ्यांच्या ओळखीचं आहे. थंडीच्या अखेरीस त्याची मोठी पानं लाल होऊन पडतात आणि झाडणाऱ्या मावशींची तक्रार समितीकडे येते. असा प्रकार आपल्याकडे एखाद्या झाडापुरता दिसतो. आपल्या सह्याद्रीतली पानझडी झाडं पानं टाकतात ती मुख्यतः पाणी कमी पडतं म्हणून, आणि बहुतेक वेळा रंगाचा सोहळा न करता, करड्या-पिवळ्या रंगात. कुसुंबासारखं झाड लाल होतं, पण ते चैत्राच्या सुमारास आणि नव्या पालवीने. तिथे मात्र कारण वेगळं आहे. दिवस लहान होऊ लागतो, रात्री गार होतात, पुढे बर्फाचे महिने असतात. झाड आपला व्यवहार आवरायला घेतं. पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं उपयोगाचं ते खोडात परत घेतं. हिरवा रंग गेला की पानात आधीपासून झाकून असलेला पिवळा आणि नारिंगी रंग उघडा पडतो. हे रंगद्रव्य गाजरात असतं त्याच कुळातलं, म्हणजे कॅरोटिनॉइड. लाल रंग मात्र आधी नसतो, तो त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. देठाच्या बुडाशी बुचासारखा एक थर धरू लागतो, पानातली साखर आतच अडकते आणि त्या साखरेपासून अँथोसायनिन नावाचं द्रव्य बनतं. जांभळाला आणि कोकमाला रंग देणारी मंडळी याच घराण्यातली.

हे सगळं सांगतोय ते शाळेचा तास घ्यायला नाही. सहलीची आखणी यावरच अवलंबून आहे. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारा नाही, असं हवामान मिळालं तर लाल रंग उत्तम येतो. ढगाळ आणि उबदार दिवस लांबले तर लाल फिका पडतो. मोठं वादळ झालं तर पानं एका रात्रीत खाली. म्हणून या सहलीची तारीख कोणी छातीठोकपणे देऊ शकत नाही. बँकेत आपण मुदत ठेवीची पावती देताना परतफेडीची तारीख छापून देतो, इथे तशी छापील तारीख नाही. एका जागी ऐन बहर आठवडाभर, फार तर दहा दिवस टिकतो.

मग आखणी करायची तरी कशाच्या जोरावर? दोन गोष्टी भरवशाच्या आहेत. पहिली, रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत येतो. दुसरी, तो डोंगरमाथ्यावरून दरीकडे उतरत येतो. न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट आणि मेन या राज्यांच्या उत्तर भागात सप्टेंबरच्या अखेरीस सुरुवात होते. व्हाइट माउंटन्स नावाच्या डोंगररांगेत साधारण ऑक्टोबरचा पहिला ते दुसरा आठवडा. बॉस्टनच्या परिसरात ऑक्टोबरचा मध्य ते अखेर. न्यू जर्सीत ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरची सुरुवात. त्या त्या राज्यांची पर्यटन खाती हंगामात दर आठवड्याला कुठे किती रंग आला याचे नकाशे आणि अहवाल जाहीर करतात. मुलांना सांगितलं की ते फोनवर दाखवतात.

यातून आमचं सूत्र निघालं. तारखेची खात्री नाही, तर जागा अशी निवडायची की तिथे थोड्या अंतरात उंचीचा मोठा फरक असेल. वर रंग संपला असेल तर खाली मिळेल, खाली आला नसेल तर वर मिळेल. कर्ज मंजूर करताना आपण मार्जिन ठेवतो ना, तसंच.

आता आपल्या पंचांगाचा प्रश्न. तो टाळून चालत नाही, कारण बहुतेक घरांत इथेच गाडं अडतं. अनंत चतुर्दशी ते दिवाळी यांच्यात साधारण दीड महिना असतो. त्यात आधी पितृपंधरवडा आणि मग नवरात्र येतं. गणपती लवकर असोत वा अधिक मासामुळे उशिरा, विसर्जन करून निघालं आणि दिवाळीला परत आलं, तर ऑक्टोबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा हाती राहतो. पण नवरात्र हुकतं. आमच्याकडे घट बसतो. लग्न झाल्यापासून आमच्या सौं.नी एकदाही तो चुकवलेला नव्हता. मी पानांचा विषय काढला तेव्हा तिने एकच विचारलं, "आणि घटाचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते देण्याचा आवही आणला नाही. दोन दिवस विषय बंद होता. तिसऱ्या दिवशी तिनेच धाकट्या जाऊबाईंना फोन केला. घट त्यांच्याकडे बसला, नऊ दिवस दिवा त्यांनी सांभाळला आणि आम्ही लेकीकडे रोज संध्याकाळी आरती केली. प्रत्येक घराचा निर्णय वेगळा असेल. ज्यांच्याकडे या पंधरवड्यात वडिलांची तिथी येते त्यांनी ती आधी बघावी. मी इतकंच म्हणेन की तिकीट काढण्याआधी घरात हे बोलणं होऊ द्या. तिथे गेल्यावर रुखरुख लागली तर समोरचा डोंगर कितीही लाल असला तरी दिसत नाही.

आमची लेक बॉस्टनजवळ राहते, म्हणून आम्ही न्यू हॅम्पशायरचे व्हाइट माउंटन्स निवडले. बॉस्टनहून कॉनवे या गावाकडे सुमारे २२५ किलोमीटर, अडीच ते तीन तासांचा रस्ता. ज्यांची मुलं न्यू जर्सीला आहेत त्यांचा जाण्या-येण्यात एकेक दिवस मोडेल. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातले कॅटस्किल्सचे डोंगर ऑक्टोबरच्या मध्यावर पाहावेत. वॉशिंग्टन किंवा व्हर्जिनियावाल्यांसाठी शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातला स्कायलाइन ड्राइव्ह आहे. डोंगराच्या धारेवरून जाणारा १०५ मैलांचा म्हणजे जवळजवळ १७० किलोमीटरचा रस्ता, हंगाम ऑक्टोबरचा मध्य ते अखेर. मुलांच्या घराजवळचं ठिकाण निवडा. लांबचं नाव मोठं म्हणून तिकडे धावू नका.

व्हाइट माउंटन्सबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिच्यात आपल्या व्यवसायातला एक माणूस आहे. आज तिथे दिसणारं जंगल कायम असं नव्हतं. १९ व्या शतकाच्या अखेरीस लाकूड कंपन्यांनी डोंगरात रेल्वे नेली आणि उतारच्या उतार बोडके केले. मागे राहिलेल्या फांद्या-पाल्याला वणवे लागले. डोंगर पाणी धरीनात, त्याची झळ खालच्या नद्यांवर चालणाऱ्या गिरण्यांना बसू लागली. तेव्हा जॉन वीक्स नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या लोकप्रतिनिधीने कायदा आणला की सरकारने पैसे मोजून ही जमीन विकत घ्यावी आणि जंगल म्हणून राखावी. वीक्स मूळचे न्यू हॅम्पशायरमधल्या लँकेस्टर गावचे आणि धंद्याने बॉस्टनमधल्या एका मोठ्या दलाली-बँकिंग पेढीचे संस्थापक भागीदार. कायदा १९११ साली झाला, त्यातून १९१८ साली व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन स्थापन झालं. आज ते सुमारे ८ लाख एकर आहे. जळलेल्या जमिनीवर आधी भूर्ज उगवले, मग मेपल, बीच आणि बाकीची झाडं आली. आपण 'निसर्गाची किमया' म्हणून फोटो काढतो, त्यामागे कोणीतरी केलेली खरेदीखतं आहेत, हे मला बँकवाला म्हणून फार आवडलं.

आता प्रत्यक्ष आखणी.

पहिली गोष्ट, वार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी तिथे सुट्टी असते. जोडून येणारे ते तीन दिवस म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वर. ते पूर्ण टाळायचे. त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही रविवारी दुपारी निघालो आणि बुधवारी संध्याकाळी परत आलो. रविवारी दुपारी सगळी गर्दी परतत असते आणि आपण जात असतो. रविवार, सोमवार, मंगळवार या रात्रींचा खोलीचा दर शुक्रवार-शनिवारपेक्षा बराच कमी असतो. आणि लेकीला रजा फक्त तीन दिवसांची लागते. त्यांच्याकडे वर्षाच्या रजा मोजक्या असतात, आजारपणातही त्यातूनच काढाव्या लागतात अशा बऱ्याच नोकऱ्या आहेत. त्यांची एक रजा म्हणजे काय किंमत, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, खोली. या हंगामाची आरक्षणं फार आधी होतात, तेव्हा उन्हाळ्यातच करून ठेवावं. पण करताना रद्द करण्याची अट शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. काही ठिकाणी या हंगामात पैसे परत मिळत नाहीत. ज्यात काही दिवस आधीपर्यंत रद्द करता येतं तीच खोली घ्यावी, चार डॉलर जास्त पडले तरी. तळमजला किंवा लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडा, खोलीत छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह, इतकं विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट, मुक्कामाचं गाव. तिथला सगळ्यात प्रसिद्ध रस्ता म्हणजे कँकामॉगस हायवे. पेनाकुक या मूळ रहिवाशांच्या एका सरदाराचं हे नाव. पूर्वेला कॉनवे, पश्चिमेला लिंकन, मध्ये ३४.५ मैल म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. मध्ये खिंड आहे, उंची सुमारे २,८५५ फूट. मुक्काम कॉनवेच्या बाजूला केला तर सकाळी आपण पश्चिमेकडे जातो आणि दुपारनंतर पूर्वेकडे परततो, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि समोरचा डोंगर उजळलेला दिसतो. नकाशा घेऊन बसलो तेव्हा हे लक्षात आलं, आणि जावयांना ते फार पटलं.

चौथी गोष्ट, रस्त्यावरची तयारी. त्या ५५ किलोमीटरमध्ये पेट्रोल पंप नाही. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्यायचा, आणि आमच्यासारख्यांनी कागदावरही. काही थांब्यांवर गाडी लावायला दिवसाचा पास घ्यावा लागतो, तो थोड्या डॉलरचा असतो. स्वच्छतागृहं आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ती बिनपाण्याची. स्पष्ट बोलतो, कारण आपल्या वयात हा मुद्दा धबधब्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पाण्याची जादा बाटली आणि ओले रुमाल गाडीत ठेवावेत. सकाळची लघवीची गोळी घेणाऱ्यांनी वेळेबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

कपडे एकावर एक असे घ्यावेत. दुपारी पातळ स्वेटर पुरतो, सकाळी कानटोपीशिवाय भागत नाही. बूट न घसरणारे हवेत, कारण ओली पानं शेवाळासारखी निसरडी असतात. खाण्याचं म्हणाल तर थेपले, धपाटे, दाण्याची चटणी, मेतकूट आणि मायक्रोवेव्हमध्ये होणारा भात. छोट्या गावांत शाकाहारी माणसाला पिझ्झा, सूप आणि सॅलड मिळतं. दोन वेळा ते गंमत म्हणून बरं लागतं. सफरचंदांचा मात्र हाच हंगाम, ती भरपूर खावीत.

पाचवी गोष्ट, विमा. तिथला वैद्यकीय खर्च आपल्याला झेपणारा नाही. प्रवासविमा काढताना रक्तदाब, मधुमेह, हृदयाची जुनी दुखणी याबद्दल पॉलिसीत नेमकं काय लिहिलं आहे ते वाचा. जे आहे ते अर्जात लपवू नका. रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि विम्याचा कागद सहलीतही जवळच्या पिशवीत हवा. मोठ्या बॅगेत नाही.

सहावी आणि शेवटची, दिवसाला एकच मुख्य काम. आपल्या बँकेच्या एल.एफ.सी.च्या सहली आठवा. पहाटे पाचला निघून दिवसात नऊ ठिकाणं, आणि रात्री कोणतं देऊळ कुठलं याची भांडणं. इथे तसं करायचं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे संध्याकाळी साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. अंधार पडताना डोंगरातल्या रस्त्यावर राहायचं नाही. मूस नावाचा सांबरापेक्षा कितीतरी मोठा प्राणी त्या वेळी रस्त्यावर येतो, तशा पाट्याच लावलेल्या असतात. आम्ही सोमवारी खिंडीचा रस्ता आणि मंगळवारी खालचा तळ्यांचा भाग ठेवला होता, आणि दोन्ही दिवस एकमेकांत बदलता येतील असे मुद्दाम मोकळे ठेवले होते. वेळेचं कुठलंही तिकीट आधी काढलं नव्हतं.

आणि सोमवारी पाऊस आला. खिडकीतून डोंगर दिसेना. जावयांनी कागद उलटला आणि मंगळवारचा कार्यक्रम सोमवारी केला. दक्षिणेला चकोरुआ नावाचं तळं आहे, मागे त्याच नावाचा टोकदार डोंगर. डोंगर ढगात होता, पण काठची झाडं दिसत होती. एक गोष्ट आम्हाला तिथे कळली. पावसाळी उजेडात चकाकी नसते, पानं ओली असतात, त्यामुळे रंग गडद दिसतो. काळं ओलं खोड आणि त्यावर मेपलचा नारिंगी. रंग अजून पूर्ण चढलेला नव्हता, निम्मी झाडं हिरवीच होती. पण हिरव्यातला तो लाल मला पुढे पाहिलेल्या संपूर्ण लाल डोंगरापेक्षा जास्त आठवतो.

मंगळवारी आकाश उघडलं. आम्ही साडेनऊला निघालो. कॉनवेपासून थोड्याच अंतरावर १८५८ साली बांधलेला ऑल्बनीचा लाकडी पूल आहे, वर छप्पर असलेला. तिथल्या बर्फात पुलाची लाकडं कुजू नयेत म्हणून छप्पर. पुढे स्विफ्ट नदीच्या काठाने लोअर फॉल्स, रॉकी गॉर्ज असे थांबे. सबाडे धबधब्याला पाऊलवाट छोटी आहे, पण शेवटी पायऱ्या. आमच्या सौं.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे ती आणि मी खाली बाकावर बसलो आणि लेक-जावई वर जाऊन आले. त्या अर्ध्या तासात ती म्हणाली, "आपण एवढे फिरलो, पण एका झाडाखाली अर्धा तास कधी बसलो नव्हतो." एल.एफ.सी.ची सगळी बिलं मी मंजूर करून घेतली होती, पण या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खिंडीत पोहोचलो तर वर भूर्जांची पानं जवळपास झडलेली, पांढऱ्या काड्या आणि काळपट सूचिपर्णी झाडं. तिथून लिंकनकडे उतरायला लागलं की दर वळणावर रंग वाढत जातो. आधी विरळ पिवळा, मग दाट पिवळा, मग नारिंगी, मग लाल, आणि अगदी खाली काही हिरवं. डोंगर उतरताना आपण जणू कॅलेंडरची पानं मागे उलटत असतो. उंचीच्या फरकाचं मार्जिन ठेवलं होतं त्याचा अर्थ मला त्या उतारावर डोळ्यांनी दिसला.

बुधवारी सकाळी निघताना माउंट वॉशिंग्टनचा माथा मोकळा झाला. उंची ६,२८८ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा जास्त, पण हवामान भलतंच उग्र. १२ एप्रिल १९३४ रोजी तिथे ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला होता. १८६९ पासून वर जाणारी, आपल्या उटीच्या गाडीसारखी दातेरी रुळांची रेल्वे आहे. आम्ही तिच्यात बसलो नाही. माथ्यावर रात्री पडलेलं पांढरं बर्फ आणि पायथ्याशी लाल-पिवळं रान, एवढं खालूनच पाहिलं. वरचं काम संपून हिवाळा सुरू झाला होता आणि खाली अजून आठवडा बाकी होता.

आता या सगळ्यात खर्च आणि तारखा यापलीकडे एक गोष्ट मला सांगायची आहे. मुलांकडे गेलो की आपण हळूहळू सामानासारखे होतो. त्यांचा त्यात दोष नाही. गाडी त्यांची, रस्ते त्यांच्या ओळखीचे, पैसे त्यांच्या चलनात. ते शनिवारी विचारतात, "कुठे जायचं?" आपण म्हणतो, "तुम्ही न्याल तिथे." आपल्याला वाटतं हा समजूतदारपणा आहे. पण त्यामुळे आधीच दमलेल्या त्या पोरांवर आपल्या करमणुकीचीही जबाबदारी पडते. या वेळी मी जूनमध्ये लेकीला एक कागद दिला. त्यावर तारखा, लागणाऱ्या रजा, तीन खोल्यांचे पर्याय, अंतरं आणि पावसाच्या दिवसाची दुसरी सोय. खाली रकाना, 'मंजूर / नामंजूर'. ती हसली आणि सही केली. खोल्यांचे पैसे आम्ही इथून नेलेल्या परकीय चलनातून दिले, त्यावरून थोडी ओढाताण झाली, पण मी ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "बाबा, कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला काहीच ठरवायचं नव्हतं. मी नुसती बघत होते." तिला शाळेत असताना आम्ही उटी, म्हैसूर दाखवलं होतं. त्यानंतर थेट हीच सहल.

ज्यांची मुलं अमेरिकेत नाहीत किंवा ज्यांना एवढा प्रवास झेपत नाही, त्यांनी मन लहान करू नये. आपल्या देशात काश्मीर आहे. तिथे चिनार ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तांबडे होतात. या ऋतूला काश्मिरीत 'हरूद' म्हणतात. श्रीनगरमधलं हजरतबलजवळचं नसीम बाग, निशात, शालिमार ही ठिकाणं गाडीतून उतरून चालत पाहता येतात. दिवाळी लवकर असेल त्या वर्षी लक्ष्मीपूजन, भाऊबीज सगळं उरकून जाता येतं. सूत्र तेच. तारीख थोडी सैल ठेवा, मधले वार निवडा, दिवसाला एकच बाग, आणि निघण्याआधी तिथल्या परिस्थितीची व हवामानाची चौकशी.

शेवटी एकच. या वयात आपण 'पुढच्या वर्षी बघू' हे फार सहज म्हणतो. मुदत ठेवीचं नूतनीकरण होतं, गुडघ्यांचं होत नाही. झाडं पुढच्या वर्षीही रंगणार आहेत, त्यांची चिंता नाही. आपल्याला चार तास गाडीत बसता येतंय, पायऱ्या चढता येत नसल्या तरी बाकावर बसून वर बघता येतंय, आणि सोबतीचं माणूस शेजारी आहे, तोवर कागद-पेन्सिल घेऊन बसावं. पाऊस पडला तर कार्यक्रम उलटा करता येतो. पण मुळात कार्यक्रमच आखलेला नसेल तर उलटा काय करणार?

माझ्या त्या कागदाची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी घ्यावी आणि आपापल्या तारखा त्यात भराव्यात. रविवारी सकाळी दहानंतर मी घरी असतो. नकाशा पसरून बसू, चहा आमच्याकडे.